लीड्समधलं जुनं घर, गॅसचं बिल आणि भिंतीची ओल: मदत हवी आहे

मंडळी, आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला १९०० च्या सुमारास बांधलेल्या, ओळीतल्या विटांच्या घरात राहतो. घर गॅसवर तापवतो, म्हणून बिलाची काळजी. भिंती भरीव, मधे पोकळी नाही. म्हणजे पोकळीत इन्सुलेशन (ऊब बाहेर जाऊ न देणारा थर) भरायचा प्रश्नच मिटला. लॉफ्टमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) जेमतेम १०० मिमी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन, आहे, इथे २७० मिमी सुचवतात. परवा खिडकीशी उदबत्ती धरली तर धूर झर्रकन आत वळला! फटी मी स्वतः बुजवीन. पण उत्तरेच्या भिंतीला आतून इन्सुलेशन बोर्ड लावले, तर मागे ओल धरून बुरशी येते का? कपाटामागे आधीच काळे डाग आहेत. (आई शाल पांघरूनच पोळ्या लाटते हो.) कुणी असं काम करून घेतलंय का? आधी लॉफ्ट करू की भिंत?