घरच्या नॅससाठी कोणत्या डिस्क? बॅकअप कुठे ठेवावा? बजेट २५ हजार

खाडीकाठ, ठाणे
नमस्कार मंडळी. घरचे फोटो-व्हिडिओ सव्वादोन टीबी झालेत, बाबांच्या जुन्या निगेटिव्हचे स्कॅनही त्यातच. सगळं दोन यूएसबी डिस्कवर विखुरलंय आणि त्यातली एक परवापासून टकटक करतेय. टू बे नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायची दोन डिस्कच्या कप्प्यांची पेटी, घ्यायचा विचार आहे. सगळं धरून २५ हजार. मिरर करावं का, म्हणजे दोन्ही डिस्कवर सगळं तेच? माहितगारांनी सांगावं.

घणसोलीकर
फोर बेच घ्या. मी टू बे घेतला आणि वर्षात विकला. आता ८ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ मध्ये, म्हणजे चारही मिळून एकच साठा. सत्तर हजारांच्या वर गेले, घरी आकडा सांगितलेला नाही.

निवृत्त_नाना
मी २०१७ पासून रेडच वापरतो. एकच आहे, झकास चालू आहे.

घणसोलीकर
नाना, एका डिस्कवर रेड ५ कशी होईल? किमान तीन लागतात.

निवृत्त_नाना
अहो, वेस्टर्न डिजिटलची रेड! डिस्कचं नाव आहे ते. आणि ४ टीबी घेतली तर ३.६ च दिसते, ही लूट आहे.

चकली_ऐरोली
देवनागरीत दोन्ही रेडच, वर आयकरवाल्यांची तिसरी 😄 नाना, लूट नाही, कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने.
ती लाल रेड घेणार असाल तर 'प्लस' बघून घ्या. साध्या रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत एसएमआर असल्याचं कंपनीने २०२० मध्ये मान्य केलं होतं. त्यात ट्रॅक, म्हणजे डेटा लिहिलेले पट्टे, कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेलीही काढून परत बसवायची. मिरर नव्याने भरताना अशी डिस्क भयंकर रखडते. रेड प्लस किंवा सीगेटची आयर्नवुल्फ घ्या, दोन्ही सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या.

मी_पनवेलकर
फोर बेला +१. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नका. माझ्या जुळ्या दहा दिवसांच्या अंतराने गेल्या. यूपीएसही घ्या. आमच्या लिफ्टला जनरेटर आहे, घराला नाही. अवांतराबद्दल क्षमस्व.

निवृत्त_नाना
माझी गेली नाही.

नुसताच_वाचक
क्लाउड घ्या की, कशाला पेट्या?

चकली_ऐरोली
४० एमबीपीएस अपलोड अखंड चाललं तरी सव्वादोन टीबीला पाच दिवस. शिवाय भाडं कायमचं.

तळमजलेवाली
मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे कुणी बोलेना म्हणून लिहितेय. मिरर फक्त डिस्क मेली तर कामाचा. लेकाने लग्नाचं फोल्डर उडवलं, ते दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी गेलं. आणि २६ जुलै २००५ ला आमच्या घरात कंबरभर पाणी होतं. कपाटात जपून ठेवलेल्या बॅकअपच्या सीडी कपाटासकट बुडाल्या. एक प्रत घराबाहेर हवीच.

घणसोलीकर
रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी चालतं.

तळमजलेवाली
आणि पाणी आलं तर?

घणसोलीकर
चौदावा मजला.

चकली_ऐरोली
खाडीकाठ, टकटकवालीवरचं उतरवून घेतलंत का? पेटी नंतर बघा हो. ती बंद पडली की मग रिकव्हरीवाले सांगतील तो भाव.

खाडीकाठ, ठाणे
उतरवलं त्याच रात्री, तुमचा प्रतिसाद वाचून. तीसेक जीबी सोडून सगळं आलं. गेलेले माझे ट्रेकचे व्हिडिओ, बाबांचं सगळं शाबूत.
टू बे घेतला, पण मिरर नाही केला. ४ टीबीची एकच आयर्नवुल्फ, दुसरा कप्पा रिकामा. वाचलेल्या पैशांत ४ टीबीची यूएसबी डिस्क, ती नेरुळला ताईकडे. महिन्याला ट्रान्स-हार्बरने जाणं होतंच, तेव्हा आणून भरायची आणि परत द्यायची. ती आमच्याकडे असेल त्या दिवसांसाठी स्कॅनची आणखी एक प्रत जुन्या धड यूएसबीवर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. आतली डिस्क मेली तर नॅस दोन दिवस बंद राहील, राहू दे. यूपीएस दिवाळीला.

घणसोलीकर
फोर बे घ्यायला हवा होता.