लग्नपत्रिकेवर वारली चौक छापावा का? छापायचा तर कसा?

शाई_आणि_कागद (पुणे)
५०० लग्नपत्रिकांचं काम आहे. लग्न पुण्यातलं, दोन्ही घरं शहरातली, वारली समाजाशी कुणाचंच नातं नाही. मागणी अशी: गेरू रंगाची पार्श्वभूमी, मधोमध वारली लग्नचौक, चौकात देवीच्या जागी गणपती, भोवती तारपा नाच. नमुना म्हणून इंटरनेटवरची फुकट चित्रं पाठवली आहेत. हे करणं योग्य आहे का, कायद्याची अडचण येते का, आणि पांढऱ्या बारीक रेषा छपाईत टिकतील का? तिन्हींवर जाणकारांनी सांगावं.

गेरूभिंत
मागणीतली एकच गोष्ट साफ चुकीची आहे: देवीच्या जागी गणपती.

लग्नचौक म्हणजे नक्षीची चौकट नव्हे. वारली घरात लग्नाच्या वेळी शेणाने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने तो काढतात. धवलेरी, म्हणजे पुरोहिताचं काम करणारी बाई, गाणी म्हणून लग्न लावते. आत बसलेली पालघट ही सर्जनाची देवी, चौक आहे तो तिच्यासाठी. शेजारी लहान देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या असतो. पालघट काढून तिथे आपला देव बसवला, तर दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातली मूर्ती उचलून आपली ठेवल्यासारखं होतं. हेतू चांगला असला तरी फरक पडत नाही. पत्रिकेवर गणपती हवाच, तर तो नेहमीच्या जागी, वर मजकुराच्या डोक्यावर, आपल्या नेहमीच्या रेषेत छापा.

तारपा नाच बिनधास्त घ्या, पण नीट घ्या. तारपा म्हणजे दुधी भोपळा आणि बांबूचं फुंकवाद्य. नाचणारे वाजवणाऱ्याच्या मागून साखळीने फिरतात आणि तारप्याला पाठ करत नाहीत. तयार चित्रांत तारप्याच्या जागी सनई किंवा ढोलकी असते, गोल दोन्हीकडून बंद करून टाकलेला असतो, आणि सगळी माणसं एकाच साच्यातली. वारली हात लगेच ओळखेल की हे ठशाचं काम आहे.

क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आधी बघून या. मग डहाणू, तलासरी, जव्हार किंवा विक्रमगडच्या एखाद्या वारली चित्रकाराकडून मूळ चित्र काढून घ्या.

कलम_सतरा
कायद्याचं थोडक्यात. ‘वारली चित्रकला’ला भौगोलिक मानांकन आहे. अर्ज डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाचा. पण १९९९ चा मानांकन कायदा मुख्यतः नावाला आणि मूळ ठिकाणाला राखतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस काढला म्हणून कुणी अडवणार नाही. पुण्यात बसून काढलेलं चित्र ‘अस्सल वारली’ म्हणून विकलं, तर मात्र अडचण येते.

मोठी चूक वेगळीच होते. विशिष्ट चित्रकाराच्या चित्रावर १९५७ च्या कायद्याने कॉपीराइट असतो, हयातभर आणि पुढे ६० वर्षं. इंटरनेटवर सापडलं म्हणून ते फुकट होत नाही. उलट बाजूने, पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि काहीच लिहून ठेवलं नाही, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक पैसे देणारा ठरतो. चित्रकाराला हे बहुधा ठाऊक नसतं, म्हणून ते तुम्हीच लिहून द्यायचं. एक पान पुरतं: कॉपीराइट चित्रकाराचा, वापर या एका लग्नाच्या ५०० प्रती आणि व्हॉट्सॲपवरची एक आवृत्ती, पुढच्या ग्राहकाला तेच चित्र द्यायचं तर नवा मोबदला, अर्धे पैसे आधी, मूळ चित्र कुणाकडे राहणार तेही. श्रेय आणि चित्राची मोडतोड न होण्याचा हक्क कलम ५७ खाली चित्रकाराकडे राहतोच.

तांबडी_माती
पहिल्या उत्तराला थोडी मुरड घालतो. चौक भिंतीवरून कागदावर आणला तो वारली चित्रकारांनीच. जिव्या सोमा मशे (राष्ट्रीय पुरस्कार १९७६, पद्मश्री २०११) लग्नविधीच्या बाहेर रोज चित्रं काढू लागले आणि मग तरुण मुलंही त्या वाटेने आली. आज चौक कापडावर रंगवून विकला जातो, त्यावर घरं चालतात. ‘पवित्र आहे, हात लावू नका’ असं पुण्यातून ठरवणं हीसुद्धा परस्पर केलेली मालकीच. कोल्हापुरीची नक्कल परदेशात झाली की आपण चिडतो, ते नक्कल कारागिराला विचारल्याशिवाय झाली म्हणून. इथेही तेच विचारायचं.

गेरूभिंत
मान्य. मग चित्रकारापुढे मागणी मोकळी ठेवा: ‘लग्नपत्रिकेसाठी आहे, आम्ही वारली नाही, चौक द्यावा का?’ काही जण पालघटीसह देतील, काही जण चौक टाळून लग्नाची वरात, ताडाची झाडं आणि तारपा देतील. जे येईल ते घ्या, आणि नंतर संगणकावर आकृत्या हलवू नका. गणपतीबद्दलचं माझं मत मात्र तेच.

पडदा_छपाई
आता छपाई. ऑफसेटला सहसा पांढरी शाई नसते. रेषा म्हणजे कोरा सोडलेला कागद. गेरू चार रंगांतून बनवला तर रंग केसभर सरकतात आणि बारीक रेषा बुजतात. म्हणून गेरूची एकच खास शाई मिसळून घ्या आणि अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक रेषा ठेवू नका.

५०० प्रतींना मी स्क्रीन प्रिंटिंगच सुचवेन: गेरू रंगाच्या कार्डावर पांढरी शाई. एका हातात, म्हणजे शाईच्या एकाच थरात, ती फिकट, गुलाबीसर दिसते. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात द्यावा लागतो. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद देखणा, पण खरखरीत बाजूवर रेषा फाटते, म्हणून दाबून गुळगुळीत केलेला मागा. ५० कागद जास्त घ्या, दुसऱ्या हातात जुळणी चुकून इतके वाया जातातच.

मूळ चित्र छपाईच्या दीडपट मोठं काढून घ्या. पिठाचा किंवा रंगाचा थर उंच असेल तर स्कॅनरमध्ये रेषेची सावली पडते. तेव्हा दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून फोटो काढा.

शाई_आणि_कागद (पुणे)
ठरलं. फुकट चित्रं बाद, गणपती वर मजकुराच्या डोक्यावर, चौकाचं चित्रकाराला विचारून. श्रेयाची ओळ मागच्या पानावर बारीक टाकली तर चालेल?

कलम_सतरा
आतल्या पानावर, निमंत्रकांच्या नावांच्या खाली, त्याच अक्षरात: ‘मुखपृष्ठावरील वारली चित्र:’ आणि पुढे चित्रकाराचं नाव, गाव, तालुका. व्हॉट्सॲपच्या आवृत्तीत ती ओळ चित्रातच बसवा, म्हणजे पुढे पाठवताना कापली जाणार नाही.