नॉन-न्यूटोनियन फ्लुइडला मराठीत काय म्हणाल?

इंदूरकर: गणपतीत मंडळाच्या मुलांसाठी विज्ञानाचे प्रयोग ठेवतोय. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवायचं. बोट हळू घातलं की आत जातं, बुक्की मारली की टणक लागतं. फलक मराठीत हवेत. हिंदीत 'अन्यूटनीय तरल' चालतं, पण मराठीत तरल असते ती कविता, नाहीतर भावना. बादलीत तरल कालवलंय असं कसं लिहू?

निवृत्त मास्तर: मराठी विश्वकोशात फ्लुइडला 'द्रायू' आहे, द्रव आणि वायू दोन्ही पोटात घेणारा. व्हिस्कॉसिटीला, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या आतल्या विरोधाला, 'श्यानता'; संस्कृतात श्यान म्हणजे थिजलेलं, घट्ट झालेलं. दोन्ही शब्द नेमके आहेत, फक्त मुलांच्या तोंडी बसणार नाहीत.

पलासियाची काकू: एवढं कशाला, दाट म्हणा की सरळ. वरण पळीवाढं, भज्यांचं पीठ सरबरीत, रस्सा अंगाबरोबर, शब्दांना काय तोटा! इंदुरात आम्ही 'आमटी गाढी झाली' म्हणतो तर पुण्याची जाऊबाई हसते. तिच्याकडे फक्त झोप गाढ.

निवृत्त मास्तर: काकू, 'अंगाबरोबर'ला तोड नाही. पण हे सगळे शब्द दाटपणाची पायरी सांगतात, आणि इथे भानगड पायरीची नाही. मध चांगला दाट असतो, तरी तो न्यूटनचा आज्ञाधारक. हळू ढवळा की जोरात, श्यानता तीच. तापवला तर मात्र पातळ होतो. थर एकमेकांवरून जितक्या वेगानं सरकतील त्या प्रमाणात विरोध, हे गृहीतक न्यूटननं १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त मांडलं. हे प्रमाण जे पाळत नाहीत ते नॉन-न्यूटोनियन.

कॉर्नफ्लोअरचे कण गार पाण्यात विरघळत नाहीत, नुसते पसरून राहतात. हळू दाबलं तर मधलं पाणी त्यांना सरकू देतं. एकदम दणका दिला तर कण एकमेकांना भिडतात, घासतात आणि जागीच अडकतात. जोर काढला की पुन्हा वाहायला मोकळे.

सराफ्यातला खवय्या: मग जिलबीचं पीठ? फडकं पिळलं की धार सुटते, तुपात पडली की वळण धरून बसते. हे तर उलटंच झालं.

निवृत्त मास्तर: उलटंच. ती दुसरी जात: जोर लावला की सैल पडणारी. टोमॅटो केचप, भिंतीचा रंग, आपलं रक्तसुद्धा त्यातच. टूथपेस्ट आणखी हट्टी, ठरावीक जोर लागेपर्यंत जागची हलतच नाही. अशा पदार्थांना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ बिंगहॅमचं नाव आहे. त्यानं १९१६ मध्ये त्यांचा अभ्यास मांडला.

इंदूरकर: सर, म्हणजे एका नावानं भागत नाही. निदान दोन जातींना दोन शब्द द्या.

पलासियाची काकू: पहिल्याला 'आडमुठा द्रव' म्हण. गोडीनं घेतलं तर वाट देतो, अंगावर गेलं की अडून बसतो. दुसऱ्याला 'ढवळसैल'.

निवृत्त मास्तर: ढवळसैल झकास! 'आडमुठा' फलकावर शोभेल. उत्तरपत्रिकेत मात्र 'दाबताठर' लिहावं. फक्त 'ढवळसैल'मध्ये एक बारकावा हरवतो. श्रीखंडाचा चक्का फेटला की सैल होतो आणि फेटणं थांबवल्या थांबवल्या घट्ट होत नाही, तासभर ठेवला की थोडा सावरतो. असं वेळ घेऊन सावरणं म्हणजे थिक्सोट्रॉपी. त्याला वेगळा शब्द हवा.

सराफ्यातला खवय्या: 'मुरणे' कसं वाटतं?

पलासियाची काकू: मुरतं ते लोणचं. चक्का 'आवळून येतो' म्हणतात आमच्याकडे.

इंदूरकर: 'आवळून येणे' घेतलं. फलकावर वर ठळक 'आडमुठा द्रव', खाली बारीक अक्षरांत नॉन-न्यूटोनियन. पिठाचं प्रमाण?

निवृत्त मास्तर: दोन वाट्या कॉर्नफ्लोअरला एक वाटी पाणी, मग चमचा-चमचा कमीजास्त करून बघा. आणि संपल्यावर सिंकमध्ये ओतू नका, पीठ खाली बसून पाइप तुंबतो.

पलासियाची काकू: ओल्या कचऱ्याच्या डब्यात. इंदुरात हे काय सांगायला हवं?