मणक्याचं ऑपरेशन: छोट्या छेदाचं की उघडं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याचे. बाबा कुळागरात सुपारी काढताना पोफळीवरून खाली आले, एल वन म्हणजे कमरेचा पहिला मणका फुटलाय, बर्स्ट फ्रॅक्चर म्हणतात. पायांत ताकद आहे, लघवीवर ताबा आहे, देवाची कृपा. पण कूस बदलताना अक्षरशः किंचाळतात, आईला बघवत नाही.

एक डॉक्टर म्हणतात छोटे छेद घेऊन एक्स-रेवर बघत स्क्रू आणि रॉड घालू, स्नायू फारसे सोडवावे लागत नाहीत, रक्त कमी जातं, उठून चालणं लवकर. दुसरे म्हणतात पाठ उघडूनच करू, कारण हाडाचा तुकडा कॅनॉलमधे, म्हणजे मणक्यातल्या नसांच्या पोकळीत सरकलाय, नसेवर दाब आला तर तो मोकळा करणं उघड्यात सोपं. दोघांचंही पटतं हो, म्हणूनच डोकं चालेना. शेजारचे तर म्हणतात नुसता बेल्ट लावून पडून राहूदे, नस शाबूत असली की काहींचं तसंही भरतं म्हणे, पण बाबा सत्तरीचे, हाडं ठिसूळ असतील तर स्क्रू तरी धरतील का ही वेगळीच धास्ती.

कोणी बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा बेळगावला असं ऑपरेशन करून घेतलंय का? छोट्या छेदाचं दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारच्या आरोग्य विम्यात) बसतं का, की इम्प्लांटचे पैसे वरून भरावे लागतात? आणि स्क्रू नंतर काढावे लागले का? एमआरआय झालाय, लवकर ठरवायचंय, अनुभव असेल त्यांनी प्लीज लिहा.