नेक पिकअप, ब्रिज पिकअप यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
इलेक्ट्रिक गिटारवर मराठीत लेख लिहितोय. पिकअपच्या (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा, तारांखाली बसवलेला भाग) जागांसाठी 'नेक', 'मिडल', 'ब्रिज' हेच शब्द ठेवावेत, की मराठी शब्द चालतील? ओळखीतले काही वादक 'वरचा-खालचा पिकअप' म्हणतात, काही 'रिदमचा' (साथीचा) आणि 'लीडचा' (मुख्य सुरावटीचा). यातलं बरोबर काय?

उत्तर:
'पिकअप' तसाच ठेवा. गाडीचा पिकअप वेगळा आणि गिटारचा वेगळा, हे संदर्भावरून कळतं. 'ब्रिज'ला मात्र आपल्याकडे 'घोडी' हा चांगला रुळलेला शब्द आहे. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांच्या तोंडी तो रोज असतो. तंबोऱ्याची घोडी रुंद, जवारी काढलेली (तार झणझणावी म्हणून पृष्ठभाग घासून घेतलेली), गिटारची धातूची. पण तार जिथे टेकते आणि तिची कंप पावणारी लांबी जिथे संपते ती जागा, हा अर्थ दोन्हीकडे तोच. नेकला 'दांडी', फ्रेटला 'पडदा'. तेव्हा 'घोडीजवळचा पिकअप' आणि 'दांडीजवळचा पिकअप' असं बेलाशक लिहा. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे 'म्हणजे ब्रिज पिकअप' एवढं जोडलं की झालं.

'वरचा-खालचा' टाळा. गिटार स्टँडवर उभी असताना दांडीजवळचा पिकअप वर दिसतो, पण गळ्यात अडकवल्यावर 'वर' म्हणजे जाड तारांची बाजू.

'रिदम-लीड'वर माझा जास्त आक्षेप आहे. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारवर पिकअप निवडायच्या स्विचभोवती 'रिदम' आणि 'ट्रेबल' असं छापलेलं असतं, त्यामुळे हे शब्द पसरले. पण कित्येक वादक संथ, भरीव सोलो दांडीजवळच्या पिकअपवरच वाजवतात आणि फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर गिटारवर कडक रिदम घोडीजवळच्या पिकअपवर धरतात. पिकअपचं काम वादक ठरवतो, जागा मात्र बदलत नाही. म्हणून नाव जागेवरूनच द्यावं.

प्रश्नकर्ता:
पटलं. पण आवाजातला फरक कोणत्या शब्दांत सांगू? 'शार्प' आणि 'वॉर्म' फार पुसट वाटतात.

उत्तर:
त्यासाठी फरक का पडतो ते आधी बघू. तार घोडीपाशी बांधलेली, त्यामुळे तिथे ती जेमतेम हलते. मूळ स्वर तिथे क्षीण उमटतो आणि वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर) त्या मानाने जास्त ऐकू येतात. या आवाजाला 'खणखणीत', 'धारदार', अती झाला तर 'चिरका' म्हणा. तारेची हालचाल कमी म्हणून हा पिकअप बहुतेक वेळा तारांच्या जास्त जवळ उचलून बसवतात किंवा त्याला तांब्याच्या तारेचे वेढे जास्त देतात. दांडीकडे तार मोठा झोका घेते. तिथला आवाज 'गोल', 'भरीव', बिघडला तर 'गढूळ'.

फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात 'स्ट्रॅट') गिटारवर तारेची लांबी ६४८ मिमी. दांडीजवळचा पिकअप घोडीपासून साधारण १६२ मिमीवर, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर. मोकळ्या तारेच्या चौथ्या उपस्वराचा (मूळ स्वर पहिला धरून) निस्पंद बिंदू, म्हणजे तार त्या उपस्वरासाठी हलतच नाही ती जागा, नेमकी इथेच येते, म्हणून तो उपस्वर या पिकअपला जवळजवळ ऐकूच येत नाही. आता बाराव्या पडद्यावर बोट ठेवा. तार ३२४ मिमी उरते आणि पिकअप बरोबर तिच्या मध्याखाली येतो. सगळे सम उपस्वर दबतात आणि आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ होतो. इथे 'पोकळ' हाच शब्द वापरा, 'वॉर्म'मध्ये ही छटा येत नाही.

दुसरा प्रतिसाद:
यात 'तिरका पिकअप'ही घ्या. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरपासून तिचा घोडीजवळचा पिकअप तिरका बसवतात. बारीक तारांकडचं टोक घोडीच्या जवळ, जाड तारांकडचं लांब. त्यामुळे बारीक तारा चमकतात आणि जाड तारांचं अंग भरलेलं राहतं. डावखुरा गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून, तारा पुन्हा लावून वाजवायचा. साहजिकच तिरकेपणाही उलटा झाला, जाड तारा कसलेल्या आणि बारीक तारा किंचित मऊ.

रूपाचं म्हणाल तर ती एक तिरकी रेघ काढून टाका, स्ट्रॅटचा चेहराच जातो. दोन सरळ पिकअप आणि मध्ये एक तिरपा यानेच ती लांबून ओळखू येते...

पहिला उत्तरदाता:
छोटी दुरुस्ती: दांडीजवळचा आणि मधला हे दोन सरळ, तिरपा शेवटचा. बाकी सहमत. रूप आणि नाद इथे वेगळे काढता येत नाहीत. चोवीस पडद्यांच्या गिटारमध्ये हे जास्त उठून दिसतं. चोविसावा पडदा त्याच चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणून पिकअपला घोडीकडे सरकावं लागतं. पिकअपमधलं अंतर कमी होऊन गिटारचं अंग दाटीवाटीचं दिसतं आणि दांडीजवळच्या पिकअपची गोलाई थोडी उतरते. मला स्वतःला एकवीस-बावीस पडद्यांची ऐसपैस मांडणीच आवडते.

प्रश्नकर्ता:
शेवटचं. दोन शेजारचे पिकअप एकत्र लावल्यावर येणाऱ्या आवाजाला 'आउट ऑफ फेज' म्हणतात. तेच लिहू?

उत्तर:
नको. स्ट्रॅटवर त्या जागी दोन्ही पिकअप एकाच कलेत (फेजमध्ये, म्हणजे दोघांचे संकेत एकाच वेळी वर-खाली होतील असे), समांतर जोडलेले असतात. ते तारेचं कंपन दोन वेगळ्या ठिकाणी टिपतात, म्हणून काही उपस्वर एकमेकांना खोडतात आणि आवाज पातळ, टणत्कारी होतो. खरोखर उलट कलेत जोडले तर खर्ज जवळपास नाहीसा होऊन नुसता नाकातला आवाज उरतो. पाच जागांचा स्विच फेंडरने १९७७ मध्ये दिला. त्याआधी वादक तीन जागांचा स्विच मध्येच अडकवून हा आवाज काढायचे. 'दोन पिकअपचा मिश्र आवाज' लिहा.