चाळीस मिनिटांनी पोराला स्कोअरच सांगता येईना. उन्हात पाणी कमी पडलं की डोक्यावरही परिणाम होतो का?

डिचोलीचा मास्तर
डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत मी खेळ शिकवतो. मे महिन्यात शाळा बंद, पण पोरं रिकाम्या शेतात फुटबॉलला जमतात आणि मीही जातो. गेल्या बुधवारी 4 वाजता सराव सुरू केला. ऊन उतरलंय असं मला वाटलं होतं, पण जमीन तापलेली होती आणि वारा अगदी पडलेला.

माझा एक डिफेंडर आहे, 15 वर्षांचा, वजन 50 किलोच्या आसपास. चाळीसेक मिनिटांनी त्याने चेंडू सरळ समोरच्या संघाच्या पायात दिला. मी ओरडलो. थोड्या वेळाने परत तेच, मी परत ओरडलो. मग त्याने मित्राला ढकललं. हा पोरगा एरवी मान वर करून बोलत नाही. मेरेवर बसवून विचारलं, "किती झाले?" तर नुसता माझ्याकडे बघत राहिला. घाबरून मी दीड लिटर साधं पाणी एका दमात पाजलं, तर उलटी झाली. आंब्याखाली निजवलं, अर्ध्या तासाने माणसात आला. रात्रभर डोकं दुखलं म्हणे.

पाय गळणं, पेटके येणं मला माहीत आहे. पण बुद्धी अशी जाते? आणि माझं पाणी पाजणं चुकलं का? त्याची आई आता त्याला खेळायला सोडत नाही, आणि तिला काय सांगावं हे मला कळत नाही.

फोंड्याची सिस्टर
मास्तर, पोरगा वाचला हे आधी मोठं समजा. उन्हात खेळणारा कुणीही बरळायला लागला, स्कोअर किंवा जागा सांगता येईना, तर "पाणी कमी पडलं" एवढ्यावर थांबायचं नाही. तो उष्माघात असू शकतो. आधी अंग थंड करायचं: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा, कशानेही वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, श्वासनलिकेत जाईल.

आता आत काय होतं ते. घामाचं पाणी रक्तातूनच येतं. रक्त कमी झालं की हृदय एका ठोक्यात कमी ढकलतं, म्हणून ठोके वाढवतं. त्याच रक्ताला स्नायूंनाही पोचायचं असतं आणि आतली उष्णता बाहेर टाकायला कातडीकडेही जायचं असतं. दोन्ही पुरं पडेनासं झालं की आतलं तापमान चढतं. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. हवा इतकी दमट की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही, पाणी मात्र जातं.

मेंदूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच. शरीराच्या वजनाच्या 2 टक्क्यांहून जास्त पाणी गेलं की लक्ष टिकणं, निर्णय घेणं आणि हातापायांचा मेळ ठळकपणे बिघडतो. तुमच्या पोराच्या बाबतीत ते 1 किलो, म्हणजे साधारण 1 लिटर घाम. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 2018 साली माणसांना गरमीत व्यायाम करायला लावून मेंदूचे एमआरआय काढले. पाणी न मिळालेल्यांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या रुंदावल्या होत्या आणि अगदी साध्या, कंटाळवाण्या कामात त्यांच्या चुका वाढल्या होत्या. चुकलेला पास म्हणजे तुम्हाला मिळालेली पहिली खूण होती.

साध्या पाण्याचंही सांगते. घामाबरोबर मीठ गेलेलं असतं. त्यावर भरमसाठ साधं पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदू उलट सुजतो. लक्षणं तीच: डोकेदुखी, उलटी, गोंधळ. दीड लिटरने तसं झालं असेलच असं नाही, पोट एकदम भरल्यानेही उलटी होते. पण घोट घोट द्यायचं, आणि ओआरएस जवळ ठेवायचं. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मापात चूक नको.

मिरामारचा पहाटधावक
सर, एक वजनकाटा घ्या. मी मिरामार ते दोनापावला धावतो. धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करतो. एप्रिलमध्ये एकदा पाणी न घेता गेलो तर 72.4 चा 70.9 झालो. वेग रोजचाच, पण शेवटी नाडी 148 ऐवजी 163. तहान मात्र फारशी लागलीच नव्हती.

आणि मोठ्यांनाही सांगा, या दिवसांत उर्राक, म्हणजे काजूची दारू, घेऊन मॅचला उतरतात. दारूने लघवी वाढते, म्हणजे मैदानात पाय ठेवण्याआधीच पाणी गेलेलं.

साखळीची आजी
आमच्या घरी माणसं शेतावरून आली की पाणी नव्हे, मीठ घातलेली पेज आणि कैरीचं लोणचं मिळायचं. दुपारी नांगर कुणी धरत नव्हतं. तुम्ही 4 ला कशाला खेळवता?

डिचोलीचा मास्तर
आजी, तुमचं खरं आहे. वेळ बदलली, आता साडेपाचला उतरतो. जी पोरं महिनाभर घरात बसून आली त्यांना पहिले दहा-बारा दिवस अर्धाच वेळ खेळवणार, अंगाला गरमी हळूहळू सवयीची होते म्हणून. दर वीस मिनिटांनी थांबायचं आणि तेव्हा प्रत्येकाला स्कोअर विचारायचा.

सिस्टर, तुमचं उत्तर वाचून काल त्याच्या घरी गेलो. आईला सगळं सांगितलं आणि त्याच्यासमोर कबूल केलं की दोन्ही वेळा ओरडायला नको होतं, त्याचं अंगच ऐकत नव्हतं. तो काहीच बोलला नाही. आज आईने स्वतः आणून सोडला, हातात मिठाच्या पेजेची बाटली. काट्यावर आधी 50.3, नंतर 49.9, मध्ये 600 मिली प्याला. म्हणजे तासाभरात 1 लिटर घाम, तोही साडेपाचनंतर.