मदत हवी आहे: जीपी१२० विषाणूकणावर बसतच नाही की गळून जातंय?

एचआयव्हीच्या पृष्ठभागावरच्या एन्व्ह प्रथिनाचे दोन भाग: बाहेरचा जीपी१२० आणि पटलात रुतलेला जीपी४१. त्यातल्या जीपी४१ मध्ये एक म्यूटेशन करून २९३टी पेशींत स्यूडोव्हायरस (एकदाच संसर्ग करू शकणारा, एन्व्ह वेगळ्या प्लाझमिडवरून मिळणारा विषाणू) बनवतोय. पी२४ (विषाणूच्या गाभ्यातलं प्रथिन, यावरून कण किती बनले ते कळतं) मूळ एन्व्हइतकंच येतं, पण टीझेडएम-बीएल पेशींत ल्युसिफरेज (संसर्ग झाला की या पेशी बनवतात ते चमकणारं एन्झाइम) जवळजवळ शून्य. एन्व्हऐवजी व्हीएसव्ही-जी (दुसऱ्या एका विषाणूचं पृष्ठभागावरचं प्रथिन) लावलं की तोच बॅकबोन (एन्व्ह सोडून बाकीच्या विषाणूचं प्लाझमिड) उत्तम चालतो. प्लाझमिड पुन्हा सीक्वेन्स केलं, संसर्ग वाढवणारं डीईएई-डेक्स्ट्रानही वापरून झालं.

पेशींच्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावात) जीपी१६० (न कापलेलं एन्व्ह) आणि जीपी१२० दोन्ही पट्टे ठळक दिसतात, म्हणजे एन्व्हचे दोन भाग करणाऱ्या फ्युरिन एन्झाइमचा काप होतोय. सुक्रोजवरून खाली बसवलेल्या विषाणूत मात्र जीपी१२० चा पट्टा अगदी पुसट, तिन्ही वेळा. इथेच अडकलोय. पूर्ण विषाणूवर काम करायची सोय नाही, स्यूडोव्हायरसवरच भागवायचंय.

एन्व्ह कणात शिरतच नाहीये की जीपी१२० नंतर सुटून जातंय, हे जीपी४१ च्या ब्लॉटवरून खात्रीने ठरेल का, की वरच्या द्रावातलं सुटं जीपी१२० ही मोजावं लागेल?